ब्रेक लागतोय का, बघ रे!

(दृश्य: कोथरूडमधल्या एका सोसायटीचं पार्किंग. भिंतीला पाठ करून उभी असलेली राखाडी हॅचबॅक.)

गाडी स्वतःची असली तरी तिचे मागचे दिवे चालवणाऱ्याला दिसत नाहीत. म्हणून घरोघरी कधी ना कधी कुणाला तरी गाडीमागे उभं केलं जातं आणि आतून हाक येते, "ब्रेक लागतोय का, बघ रे!" मागून उत्तर येतं, "डावा लागतोय, उजव्याचा पत्ता नाही."

आज मागे उभी आहे धाकटी बहीण. आत ब्रेकवर पाय ठेवून बसलाय तिचा दादा. गाडी बाबांची, चौदा वर्षांची. दादाला तिचे टेल लॅम्प बदलायचेत, तेही गॅरेजला न देता. कारण विचारलं तर म्हणतो, बल्ब सारखे जातात. खरं कारण त्याच्या मोबाइलमध्ये आहे. काळ्या काचांच्या, पळत्या इंडिकेटरच्या गाड्यांचे व्हिडिओ तो जेवतानासुद्धा बघतो. आपण दोन्ही कारणं मान्य करू.

(दृश्य: डिकीचं कार्पेट बाजूला सारणारे हात. नट सुटतात, कपलरची खिट्टी दाबली जाते.)

होल्डरमधून निघालेला हा बल्ब जरा जवळून पाहू. काचेच्या आत दोन तारा आहेत. पितळी टोपीवर कोरलंय, 12 व्होल्ट, 21/5 वॉट. बुडाशी दोन ठिपके, म्हणून गॅरेजात याला डबल पॉइंट म्हणतात. रात्री दिवे लावले की पाच वॉटची तार पेटते, ब्रेक दाबला की एकवीस वॉटची. टोपीच्या बाजूच्या दोन खुंट्या मुद्दाम वरखाली ठेवल्यात. बल्ब उलटा बसवायचा म्हटलं तरी बसत नाही.

आता दोन आकडे. या प्रकारच्या बल्बची पाच वॉटची तार साधारण 35 लुमेन प्रकाश देते आणि एकवीस वॉटची 440. बारा पटींहून जास्त फरक. मागून येणारा माणूस तुमच्या दिव्याचा रंग पाहत नाही, डिझाइन पाहत नाही. लाल उजेड अचानक वाढला, एवढंच त्याला कळतं आणि तेवढ्यावर त्याचा पाय ब्रेककडे जातो. घरी बसून टेल लॅम्पमध्ये काहीही करा, पण या फरकाला हात लागता कामा नये. गंमत अशी की सगळ्यात आधी मार खातो तो हाच.

(दृश्य: नाना पेठ. स्पेअर पार्टच्या दुकानांची रांग, काउंटरवर एलईडी बल्बांच्या पुड्या.)

"दादा, व्हाइट देऊ की रेड?"
"लाल काचेमागे लावायचाय."
"मग व्हाइटच न्या, उजेड दणकून पडतो."

दुकानदाराचं म्हणणं पांढऱ्या काचेपुरतं खरं आहे. पण पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा दिवा आणि त्यावर पिवळ्या रसायनाचा थर. त्याच्या उजेडात गडद लाल रंगाचा वाटा थोडाच असतो. लाल काच बाकीचा सगळा प्रकाश गिळते आणि बाहेर येतो फिकट, गुलाबीकडे झुकणारा उजेड. लाल काचेमागे लालच एलईडी लावावा. दादा दोन्ही जोड्या घेऊन येतो. संशयी माणूस आहे, बरं आहे.

पार्किंगमध्ये परत तीच हाक. नुसते दिवे लागतात तेव्हा बहीण म्हणते, "भारी!" ब्रेक दाबल्यावर ती गप्प. "दाबलास का?" "दाबलाय की!" "मला काही फरक दिसत नाहीये रे."

स्वस्त एलईडी बल्बची ही जुनी खोड. नुसत्या टेलच्या वेळीच तो इतका लखलखतो की ब्रेकला वाढायला जागा उरत नाही. शिवाय मूळ दिव्याच्या मागचा चकचकीत वाडगा, म्हणजे रिफ्लेक्टर, बरोबर त्या तारेच्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीच्या चिप्स भलत्याच ठिकाणाहून, भलत्याच दिशेने उजेड टाकतात. मग मधोमध एक झगझगीत ठिपका दिसतो आणि कडा अंधारात राहतात.

तरी एलईडीची एक बाजू मान्य करावीच लागेल. तारेला तापून पूर्ण पेटायला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो, एलईडी तत्क्षणी लागतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर ताशी 100 किलोमीटरच्या वेगात गाडी तेवढ्या वेळात साडेपाच मीटर पुढे जाते. अख्खी हॅचबॅक मावून वर दीड मीटर उरतो. मागच्याला तेवढी खबर आधी मिळते.

(दृश्य: एका गाडीच्या टेल लॅम्पवर काळी फिल्म चिकटवली जातेय.)

काळ्या फिल्मबद्दल मात्र आम्हाला काही चांगलं सांगता येणार नाही. समजा फिल्मने निम्मा प्रकाश अडवला. ब्रेक लाइट निम्मी झाली, इथवर हिशोब सगळ्यांना कळतो. पण बऱ्याच गाड्यांच्या लाल काचेतच एक जाळीदार तुकडा असतो, त्यालाही रिफ्लेक्टरच म्हणतात. गाडी बंद पडली, बॅटरी बसली, तर मागच्याच्या हेडलाइटचा उजेड परत फेकून तो गाडी दाखवतो. तो उजेड फिल्ममधून एकदा आत जातो आणि एकदा बाहेर येतो. निम्म्याचे निम्मे, उरला पाव. खंडाळ्याच्या घाटात, श्रावणातल्या धुक्यात, रस्त्याकडेला बंद पडलेली गाडी आणि तिच्या अंगावर पाव रिफ्लेक्टर.

कायद्याचं काय? मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपासून दूर नेणारे बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी 2019 मध्ये केरळमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182 अ नव्याने लिहिलं गेलं. बेकायदा बदल केलेल्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दादाच्या गाडीला लवकरच पंधरा वर्षं होतील, मग पुन्हा पासिंग आलं. "पासिंगपुरते जुने लावायचे, नंतर काढायचे," असा सल्ला त्याला निदान तिघांनी तरी दिलाय. पोलिसाने किंवा विमा कंपनीच्या माणसाने रस्त्यात गाडी पाहिली तर काय, हे त्या तिघांपैकी कुणी सांगितलं नाही.

म्हणून दादाने वेगळा रस्ता काढला. गाडीचे मूळ दिवे जसेच्या तसे परत बसवले. प्रयोगासाठी त्याच मॉडेलचा एक जुना दिवा जुन्या बाजारातून आणला. तो बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, घासाघीस करायला वेळ घेऊन जायचं. हा दिवा टेबलावर राहणार, रस्त्यावर जाणार नाही.

(दृश्य: गच्चीवरच्या खोलीतलं टेबल. सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, कापायची छोटी चकती.)

दिवा उघडणं हे सगळ्यात कटकटीचं काम. हेडलाइट ओव्हनमध्ये तापवून उघडतात, ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. तिथे काच बहुधा चिकट ब्युटाइलच्या पट्टीवर बसवलेली असते, आणि ती जास्त उष्णता सोसणाऱ्या पॉलिकार्बोनेटची असते. टेल लॅम्पची लाल काच सहसा ॲक्रिलिकची असते आणि मागच्या डब्याला वितळवून जोडलेली असते. ॲक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं. सांधा सुटायच्या आत काचच वाकडी होते. आईच्या ओटीजीचा विषय तसाही घरात निघणार नव्हता. तेव्हा चकतीने सांध्यावरून सावकाश कापत जायचं. कापल्यावरची धूळ थिनरने पुसायची नाही. थिनर लागलं की ॲक्रिलिकवर केसासारख्या भेगा उमटतात आणि त्या जात नाहीत. साबणाचं पाणी पुरतं.

आता एलईडी बसवायची प्लेट. तीन लाल एलईडी एकामागोमाग एक जोडले की सहा व्होल्ट तिथे खर्च होतात. इंजिन चालू असताना गाडीत 14.4 व्होल्टपर्यंत दाब असतो. वाटेतला डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा तुकडा, 0.7 खातो. उरले 7.7. वीस मिलिअँपियरसाठी भागाकार केला की 385 येतात, बाजारात मिळतो 390 ओहमचा रेझिस्टर, म्हणजे करंट आवरणारा तुकडा. हा झाला ब्रेकचा रस्ता. टेलसाठी करंट बाराव्या हिश्श्याच्या आसपास हवा, म्हणून तिथे 4.7 किलोओहम. तीन-तीनच्या आठ रांगा, प्रत्येक रांगेला दोन रेझिस्टर, आणि दोन्ही वायरींवर एकेक 1एन4007 डायोड, म्हणजे ब्रेकची वीज टेलच्या वायरीत उलटी शिरत नाही. कंपनीने दोन तारांतून साधलेला बारा पटींचा फरक इथे दोन रेझिस्टर सांभाळतात. सगळं मिळून ब्रेकला खर्च सव्वादोन वॉटच्या आसपास. जुना बल्ब एकवीस खात होता.

सांध्यांवर चिकटपट्टी नको, उन्हात ती पाघळते. तापवली की आवळून बसणारी श्रिंक स्लीव्ह घालायची. दिवा बंद करताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घ्यायचं नाही. त्यातून सुटणारं आम्ल तांब्याला खातं. न्यूट्रल लिहिलेली ट्यूब मागायची. आणि हवा जायचं भोक चुकूनही बुजवायचं नाही, नाहीतर पहिल्याच पावसात काचेला आतून घाम फुटतो.

पळता इंडिकेटर मात्र बाद झाला. तो काही आजचा नाही. 1965 च्या फोर्ड थंडरबर्डमध्ये तो होता आणि एक छोटी मोटर फिरून दिवे ओळीने लावत असे. अडचण फ्लॅशरची, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणाऱ्या डबीची. बल्ब काढून एलईडी लावला की करंट घटतो, जुन्या फ्लॅशरला वाटतं बल्ब गेला, आणि तो मिनिटाला 120 च्या मर्यादेबाहेर टिकटिकत सुटतो. उपाय म्हणून सहा ओहमचा रेझिस्टर विकतात. चालू असताना तो तीस वॉटच्या वर उष्णता टाकतो, प्लास्टिकला टेकला तर प्लास्टिक वितळतं. फुकट वीज जाळून फ्लॅशरची समजूत काढण्यापेक्षा पिवळा बल्बच बरा, असं आमचं मत. दादाचं मत वेगळं होतं, पण त्याने ऐकलं.

(दृश्य: रात्र. पार्किंगची भिंत. डावीकडे गाडीचा मूळ दिवा, उजवीकडे स्टुलावर ठेवलेला नवा. लांब वायर बॅटरीपर्यंत.)

दिवे लागतात. दोन्ही सारखे. ब्रेक. बहीण मागून ओरडते, "आता कळलं!" उजवा डाव्याच्या आधी पेटतो, हेही तिला दिसतं.

मग ती सहज बाजूला सरकते, चपला घालायला. आणि तिथूनच म्हणते, "अरे, उजवा विझला का?"

विझलेला नाही. गोल डोक्याचे साधे एलईडी उजेड समोर एका अरुंद झोतात टाकतात. नियमाला ब्रेक लाइट दोन्ही बाजूंना 45 अंशांपर्यंत दिसायला हवी असते, कारण शेजारच्या लेनमधला दुचाकीवाला नेमका मागे नसतो, तिरका असतो. याच कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे. तिथे अंधाऱ्या खोलीत दिवा थोडा थोडा वळवून प्रत्येक कोनातला उजेड मोजतात. पार्किंगमध्ये तेच काम बहीण चपला शोधता शोधता करते. ती एकेक पाऊल सरकते, दादा फरशीवर खडूने खूण करतो. नवा दिवा सरळ मागून मूळ दिव्याला भारी आहे, पण तिसऱ्या खुणेनंतर त्याच्यात जीव उरत नाही.

(दृश्य: सकाळ. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली.)

"काका, लाल एलईडी. चपट्या डोक्याचे, रुंद उजेडाचे."
"किती देऊ?"
"चोवीस. नाही, तीस द्या. सोल्डर करताना दोन-चार जातात."