हजारात पाच

(ग्रंथपाल दिनानिमित्त रत्नागिरीत शालेय ग्रंथपाल आणि शिक्षकांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, नमस्कार. ज्या शहरात १८२८ सालापासून वाचनालय आहे, तिथे सिंधुदुर्गातल्या एका खेड्यातल्या हायस्कूलच्या ग्रंथपाल बाईला बोलायला बोलावलंत, याचा मनापासून आनंद आहे. आज १२ ऑगस्ट, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांची जयंती. १९३१ साली त्यांनी मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं आपण सगळ्यांनीच परीक्षेसाठी पाठ केली आहेत. मी आज फक्त पहिल्यावर बोलणार आहे. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. बाकीची चार त्याच्या मागून आपोआप येतात, असं माझं मत आहे.

मी या कामात सरळ आलेले नाही. बारावीनंतर पहिलं काम केलं ते आंब्याच्या कॅनिंगमध्ये. एप्रिल-मे दोन महिने. आंबा धुवायचा, देठाकडचा भाग काढायचा, रस पुढे पाठवायचा. अक्षर बरं म्हणून थोड्या दिवसांत मला नोंदीवर बसवलं. प्रत्येक डब्यावर बॅच नंबर, प्रत्येक बॅचची वहीत ओळ. संध्याकाळी डबे आणि वही यांचा मेळ बसेपर्यंत घरी जायचं नाही. लग्नानंतर एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, दारोदार फिरून गोळा करायला लागले. तिथे तर रुपयाचा हिशेब. बंदरावरची दुकानं, मासळीवाल्या, गिरण, सलून अशी रोजची फेरी. कोणाच्या घरात कोण शिकतंय, कोणाचा मुलगा मुंबईला गेला, कोणाची बोट कर्जात आहे, सगळं पायाखालचं झालं. मधे एक वर्ष बालवाडीही केली. ती आमच्या मुलीसाठी, तिला बरोबर नेता यायचं म्हणून.

ग्रंथालयाचं प्रमाणपत्र जिल्हा ग्रंथालय संघाच्या वर्गात बसून केलं. नंतर मुक्त विद्यापीठातून बी. लिब. पूर्ण केलं. अभ्यासाच्या वेळी घर सासूबाईंनी ओढलं, हे मला इथे स्पष्ट सांगायचं आहे. परीक्षेच्या दिवसांत त्या पहाटे उठून माझा डबा करायच्या आणि मुलीची वेणी घालून तिला शाळेत सोडायच्या. त्यांना स्वतःला सहीपुरतंच लिहिता यायचं.

मग हायस्कूलात जागा मिळाली, ती अर्धवेळ. आपल्याकडे ग्रंथपाल पूर्णवेळ की अर्धवेळ हे पटावर ठरतं, आणि पट कोकणात कुठून यायचा? मुलगा दहावी झाला की मुंबई धरतो. लग्न होऊन त्याची मुलं होतात तीही तिकडेच, शाळेतही तिकडेच जातात. गावाला येतात ती गणपतीत आणि शिमग्याला. त्यामुळे कितीतरी वर्षं सकाळी पिग्मी आणि दुपारी ग्रंथालय असं चाललं. अर्ध्या पगारावर आयुष्य काढलेले माझे सहकारी आज समोर बसलेत. त्यांच्या कामाला अर्धं म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. मूल पुस्तक मागायला येतं तेव्हा ते पूर्णच येतं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की शाळेने मला जेव्हा कपाटाच्या किल्ल्या दिल्या, तेव्हा सोबत एकच सूचना होती. एकही पुस्तक कमी होता कामा नये. म्हणजे डबा, रुपया आणि पुस्तक तिन्ही एकाच वहीत. ही सूचना बहुतेक शाळांत देतात. गेलेल्या पुस्तकाची किंमत ग्रंथपालाच्या पगारातून कापली जाईल, ही भीती त्यामागे असते. मग साहजिकच कपाटाला कुलूप लागतं, कुलपाला फडकं गुंडाळलं जातं आणि वर्षातून एकदा पडताळणीला ते उघडतं. रंगनाथनांनी पहिल्या सूत्राच्या विवेचनात युरोपातल्या साखळीने बांधलेल्या पुस्तकांची गोष्ट सांगितली आहे. आपल्याकडे साखळी नाही, गोदरेजचं कपाट आहे.

आणि कोकणात तर बंद कपाट हा पुस्तकाचा मोठा शत्रू. आपला पाऊस तुम्हाला माहीत आहे. जूनपासून भिंती ओल धरतात. बंद कपाटात हवा खेळत नाही, आधी कापडी बांधणीवर पांढरी बुरशी येते, मग पानं एकमेकांना चिकटतात. कसर लागते ती खळीच्या वासाने, कणे पहिले खाते. आणि वाळवी आली तर बाहेरून काही कळत नाही. रांग नीट उभी दिसते, पुस्तक ओढावं तर हातात माती येते. जे पुस्तक दर आठवड्याला कोणीतरी काढतं, उघडतं, वारा लागू देतं, ते इथे जास्त टिकतं. हे मी रॅकवर बघितलेलं आहे.

आमचे हे बोटीवर असायचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा घरी. त्या दिवसांत ते ओटीवर जाळी दुरुस्त करत बसायचे आणि मी शाळेतली फाटकी पुस्तकं बांधायला घरी आणायची. एकदा एका विस्कटलेल्या पुस्तकावरून मी कुरकुरत होते, तर म्हणाले, ‘अगो, जाळा काय दारावर टांगून ठेवूक घेतत? वापरला तर फाटतलाच.’ आणि पुस्तक माझ्या हातातून घेतलं. त्यानंतर आमच्या शाळेची जुजबंदी, म्हणजे दोऱ्याने शिवून केलेली बांधणी, त्यांच्याकडे आली. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, वेगळे करायचे, पाठीवर करवतीने बारीक खाचा पाडायच्या, सुती दोऱ्याला मेण लावायचं आणि एकेक फर्मा आतून शिवत न्यायचा. गाठ मात्र ते त्यांच्या जाळ्याचीच मारत, ती सुटत नाही. मी खळ शिजवायची, त्यात कसरीसाठी चिमूटभर मोरचूद. त्या बांधणीची पुस्तकं आजही देवघेवीत आहेत.

कपाटं उघडली ती मुख्याध्यापकांच्या परवानगीने, पण एकदम नाही. पहिल्यांदा दोन रॅक खिडकीपासून लांब, भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवले आणि मुक्तद्वार सुरू केलं. मुलं स्वतः पुस्तक काढणार. पहिल्या महिन्यात कळलं की मुलांना काय हवंय याचा आपला अंदाज आणि मुलांची मागणी यांचा फारसा संबंध नसतो. रॅकवर पुस्तकं विषयाच्या वर्गांकाप्रमाणे लावलेली असतात. ८९१.४६, म्हणजे आपलं मराठी साहित्य, तिथे गर्दी होतीच. पण बंदरावरची मुलं ६२१ आणि ६३९ च्या आसपास घुटमळायची. यंत्रं आणि मासेमारी. बागायतदारांची मुलं ६३४ कडे, फळझाडं. घरी जे काम चालतं त्याच्याबद्दल छापील काय आहे, हे त्यांना बघायचं असे. पिग्मीच्या फेरीतली घरं मला इथे उपयोगी पडली. मूल दारात उभं राहिलं की त्याचं घर आठवे.

नववीतल्या एका मुलाने डिझेल इंजिनाचं पुस्तक नेलं. वडील त्यांच्या बोटीवर इंजिन स्वतः खोलायचे. पुस्तक परत आलं तेव्हा इंधन पंपाच्या आकृतीच्या पानावर तेलकट अंगठ्याचे डाग होते, दोन मापांचे. एक मुलाचा, एक मोठ्या माणसाचा. मी गुप्त पान, म्हणजे ग्रंथालयाचा शिक्का आत मारलेला असतो ते ठरलेलं पान, उघडून शिक्का बघितला, दाखल क्रमांक जुळवला आणि पुस्तक परत रॅकवर लावलं. त्याने ते पुन्हा नेलं. तिसऱ्यांदा नेलं ते परत आलं नाही, बोटीवरच कुठेतरी गेलं. तोवर त्या पुस्तकाने आपलं काम केलेलं होतं.

आता मुद्द्याचं. असं पुस्तक गेलं तर काय करायचं? केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी स्पष्ट तरतूद आहे. वर्षभरात दिल्या-वापरलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची तूट वाजवी धरली जाते, मात्र त्यात लबाडी किंवा निष्काळजीपणा नसावा. हजारात पाच. अनुदानित शाळांना हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही, हे मला माहीत आहे. पण सरकार स्वतःच्या ग्रंथालयांत जे वाजवी मानतं, ते खेड्यातल्या शाळेत गुन्हा कसं ठरतं, हा प्रश्न शाळा समितीच्या बैठकीत विचारायला हरकत नाही. मी विचारला. एका बैठकीत काम झालं नाही. पण देवघेवीची वही समोर ठेवली, वर्षाला किती पुस्तकं बाहेर गेली आणि किती आली नाहीत हे दाखवलं, तेव्हा निर्लेखनाचा, म्हणजे गेलेली पुस्तकं नोंदीतून रीतसर कमी करण्याचा, ठराव झाला आणि पुढे दरवर्षी होत गेला. म्हणून माझं सांगणं आहे की देवघेवीची नोंद काटेकोर ठेवा. कॅनिंगमध्ये शिकलेली ती शिस्त मी सोडली नाही. वही पक्की असेल तरच कपाट उघडं ठेवता येतं.

गणपतीत चाकरमानी पुस्तकांचे खोके आणतात, तेही घ्या, पण निवडून. जुनी गाइडं आणि डायऱ्या दाखल करून जागा अडवू नका.

निर्लेखनाच्या ठरावाचा नमुना आणि पडताळणीचा तक्ता यांच्या झेरॉक्स मी आणल्या आहेत, मागच्या टेबलावर ठेवल्यात. ज्यांच्या शाळेची पडताळणी दिवाळीआधी आहे त्यांनी आधी घ्या. आता तुम्ही विचारा.