चिलटांच्या तळ्याकाठी

(पहाट. तळ्याच्या काठावर धुरासारखे काळे खांब डोलताहेत.)

हा धूर नाही, चिलटं आहेत. आइसलँडच्या उत्तरेला मीव्हात्न नावाचं तळं आहे, आणि या नावाचा अर्थच मुळी चिलटांचं तळं. उन्हाळ्यात त्यांचे थवे उठले की बोलायला तोंड उघडायची सोय नसते. तरी गावात त्यांना कुणी शिव्या देत नाही. तळ्यातले मासे त्यांच्यावर जगतात, बदकं त्यांच्यावर जगतात, आणि मेलेल्या चिलटांच्या खतावर काठचं गवत माजतं.

तळं ३७ चौरस किलोमीटरचं, पण खोली जेमतेम पुरुष-दीड पुरुष. ऊन थेट तळाला लागतं, म्हणून तर एवढी जीवसृष्टी.

या काठावर रेक्याह्लीद हे छोटं गाव आहे. नावाचा अर्थ वाफाळती उतरण.

(एक हात घरट्यातल्या मऊ पिसांत शिरतो.)

उन्हाळा लागला की इथली माणसं बदकांची अंडी गोळा करतात. पिसं हलकेच बाजूला सारायची, अंडी मोजायची, आणि निदान चार तरी मागे ठेवून मगच उरलेली घ्यायची. हा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. बदक पुन्हा येऊन बसतं, पिल्लं निघतात. मला या गावाची ओळख विचारलीत, तर मी हा हात दाखवीन.

गावाखाली आग आहे. १७२४ मध्ये जमीन फुटली आणि पाच वर्षं अधूनमधून धगधगत राहिली. ऑगस्ट १७२९ मध्ये लाव्हा थेट वस्तीत उतरला. घरं गेली, कुरणं गेली. चर्चजवळ मात्र तो दुभंगला, दोन्ही बाजूंनी वाहत पुढं गेला आणि तळ्याला मिळाला. चर्च किंचित उंचवट्यावर होतं, हे खरं. पण त्या दिवशी पाहणाऱ्यांना काय वाटलं असेल! आजचं चर्च १९६२ चं. कुंपणाबाहेर तो लाव्हा अजून तसाच थिजलेला आहे.

आपल्या सह्याद्रीचा काळा कातळही लाव्ह्याचाच. पण तो निवून साडेसहा कोटी वर्षं झाली. इथला दहा पिढ्यांमागचा.

१९७५ ते १९८४ या काळात शेजारचा क्राफ्ला ज्वालामुखी पुन्हा जागा झाला. १९७७ मध्ये तर वाफेसाठी खणलेल्या एका बोअरमधून लाव्हा उसळला.

पण या लोकांची खरी कसोटी आगीनं नाही, धरणानं पाहिली. तळ्यातून लाक्साउ नदी निघते. तिच्यावर वीज प्रकल्प वाढवायचा बेत होता. खालची दरी पाण्याखाली गेली असती. अर्ज-विनंत्या झाल्या, उपयोग झाला नाही. २५ ऑगस्ट १९७० च्या रात्री शेतकऱ्यांनी तळ्याच्या मुखाजवळचा एक बांध सुरुंगानं उडवला. चौकशी आली, तेव्हा कुणी एकमेकांकडे बोट दाखवलं नाही. शंभरावर माणसांनी सांगितलं, आम्ही केलं. १९७४ मध्ये तळं आणि नदी यांच्या रक्षणाचा कायदा झाला.

याच काठावर तळ्याचा गाळ उपसणारा कारखानाही होता, २००४ पर्यंत. त्यानं गावाला पगार दिला, घरं वाढवली, हे विसरून चालणार नाही. पण तळ उकरला गेला. तळाशी शेवाळाचे मुठीएवढे हिरवे गोळे असायचे. जाळ्यात अडकायचे म्हणून कोळी त्यांना वैतागानं ‘गोळ्यांची घाण’ म्हणत. आता ते तळ्यातून जवळजवळ नाहीसे झालेत. ती घाण परत यावी म्हणून आज इथली माणसं आस लावून आहेत.

(वाफाळती जमीन. एक बाई लाकडी झाकण उचलते.)

राय नावाच्या, गव्हासारख्या धान्याचं पीठ भिजवून डब्यात भरायचं, गरम जमिनीत पुरायचं आणि घरी जायचं. चूल नाही, सरपण नाही. एक दिवसानं डबा उकरला की आत काळसर, गोडसर, ओलसर पाव तयार. त्यावर लोण्याचा जाड थर, आणि वर तळ्यातला मासा, मेंढ्यांच्या लेंड्यांच्या गोवऱ्यांवर धुरावलेला.

बाई डबा काढते, रिकाम्या खड्ड्यात उद्याचा ठेवते आणि झाकणावर दगड ठेवते.