केशरी पेटुनियाची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

जानेवारी सरत आलाय. एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून हौसेनं उचलून आणलेली पेटुनियाची रोपं आता तुमच्या गॅलरीत, गच्चीवर रुजली असतील, फुललीही असतील. पाणी किती घालायचं, शेंडा कधी खुडायचा, मावा पडला तर काय फवारायचं, हे तुम्हाला मी नव्यानं सांगायला नको. आज बोलायचंय त्याच्या पुढचं. पेटुनियाचा नवा वाण तयार करायचा, आणि तोही घरच्या कुंडीत.

दरवर्षी मला एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘अहो, गेल्या वर्षी गर्द जांभळा होता, त्याचंच बी धरलं, आणि यंदा बघा, पांढरा काय, गुलाबी काय, मळकट काय, वाट्टेल ते उगवलंय. फसवलं हो नर्सरीवाल्यानं!’ नर्सरीवाल्यानं फसवलेलं नसतं. तुमचं रोप संकरित होतं, एफ-वन. दोन वेगळ्या, शुद्ध केलेल्या वाणांचं ते लेकरू. त्याच्या बियांत आजी-आजोबांचे सगळे गुण पुन्हा सुटे होतात. त्यामुळे संकरित रोपाचं बी धरलं तर सारखी रोपं येणार नाहीत. पुन्हा सांगते, सारखी येणार नाहीत. पण ज्याला नवा वाण काढायचाय, त्याला नेमकं हेच हवं असतं.

मुळात बागेतला पेटुनियाच संकरातून आलाय. दक्षिण अमेरिकेतल्या दोन रानटी जाती घ्या. एक पांढरी, रात्री सुगंध सोडणारी, तिच्यावर निशाचर पतंग येतात. दुसरी जांभळी, तिच्यावर मधमाश्या. 1830च्या दशकात या दोन्ही ब्रिटनमधल्या बागांत एकत्र आल्या, माळ्यांनी त्यांचे संकर केले, आणि पुढचा सगळा पसारा तिथून वाढला. आज संध्याकाळी दिवेलागणीनंतर आपल्या पांढऱ्या पेटुनियाला नाक लावून बघा. वास आला तर तो त्या रानटी पूर्वजाचा. बहुतेक नव्या वाणांत मात्र तो गेलाय, कारण कोणी मागितलाच नाही. प्रदर्शनात फुलाचा आकार बघतात, रंग बघतात, झुडपाची ठेवण बघतात. फूल हुंगणारा परीक्षक मला अजून भेटायचाय! असो.

तर कृती. आईचं रोप ठरवा, बापाचं रोप ठरवा. आईच्या रोपावर उद्या उमलेल अशी कळी निवडा, फुगलेली, रंग भरलेली, पण मिटलेली. उमललेलं फूल नको, त्यात परागकण आधीच सांडलेले असतात. कळीची नळी नखानं उभी चिरा आणि पाकळ्या बाजूला करा. आत पाच पुंकेसर दिसतील, चार जोडीजोडीनं आणि पाचवा जरा आखूड. भुवया कोरायच्या चिमट्यानं पाचही परागकोश काढून टाका. मधोमध उरते ती हिरवट बारीक काडी. तिच्या टोकाची गोल गादी म्हणजे कुक्षी. दुसऱ्या दिवशी ती चकचकीत, ओलसर, चिकट झालेली दिसेल. तेव्हा बापाच्या फुलातला पिकलेला परागकोश चिमट्यात धरून त्या गादीवर टेकवा. पराग चिकटलेला डोळ्यांना दिसतो. देठाला रंगीत लोकरीचा धागा बांधा. झालं.

म्हणजे दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. कळी उमलण्याआधीची. आणि पराग लावायचा कुक्षी ओलसर झाल्यावर.

महिनाभरात बोंड तपकिरी होतं. ते तडकायच्या आधी कागदाच्या पाकिटात काढून घ्या, कारण पेटुनियाचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास मावतं. शिंक आली तर वर्षाची मेहनत उडून जाईल.

आता रंगांकडे येते. रंगांवरून मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या ओळखीच्यांनी ती अनेकदा ऐकलीय, त्यांनी तेवढ्यात चहा टाकून यावा.

फुलांतल्या लाल-निळ्या रंगद्रव्यांची तीन घराणी आहेत. एकातून निळा-जांभळा येतो, दुसऱ्यातून गुलाबी-लाल, आणि तिसऱ्यातून विटकरी-केशरी, आपल्या जिरेनियमच्या फुलात दिसतो तसा. पेटुनियाला पहिली दोन जमतात, तिसरं जमत नाही. रंग बनवताना जे विकर, म्हणजे एन्झाइम, मधलं एक पाऊल टाकतं, ते पेटुनियातलं विकर तिसऱ्या रंगाच्या कच्च्या मालाला हातच लावत नाही. त्यामुळे पेटुनियाला पेटुनियाशी कितीही जोडा, तो केशरी मिळायचा नाही. लाल मिळाला. 1953 साली ‘कोमांची’ नावाच्या लाल संकरित पेटुनियानं अमेरिकेतलं ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचं बक्षीस पटकावलं, तेव्हा त्याचं भारी कौतुक झालं. पण केशरी? नाही.

मग 1987 साली जर्मनीत, कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेत पीटर मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उद्योग केला. मक्याच्या विकराला तो कच्चा माल चालतो. म्हणून त्यांनी मक्यातलं एक जनुक घेऊन फिकट फुलांच्या एका पेटुनियात घातलं. आणि फूल आलं विटकरी! बागेसाठी वाण काढायचा त्यांचा हेतू नव्हता, जनुकं कशी वागतात ते बघायचं होतं. 1990 साली त्यांनी अशी सुमारे तीस हजार रोपं उघड्या शेतात लावली. त्यावरून लोकांनी निदर्शनं केली, वर्तमानपत्रांतून गदारोळ झाला. त्यात उन्हाळा कडक निघाला आणि कित्येक फुलांचा रंग उडाला. जनुक जागच्या जागी होतं, पण झाडानं ते गप्प करून टाकलं होतं. शास्त्रज्ञांना त्यातून शिकायला खूप मिळालं. लोकांनी काय लक्षात ठेवलं? निदर्शनं.

पुढे 1995 साली हॉलंडमधल्या काही पैदासकारांनी त्या झाडांचा चांगल्या बागायती वाणांशी संकर करून झळझळीत केशरी पेटुनिया मिळवल्याचा निबंध छापला. पण युरोपातलं वारं फिरलं होतं, जनुक-बदल केलेलं काही विकायला काढायची सोय नव्हती. केशरी पेटुनिया बाजारात आलाच नाही. प्रकरण मिटलं. निदान सगळ्यांना तसं वाटलं.

आता वीस वर्षं पुढे या. साल 2015. फिनलंड, हेलसिंकी. तेमू तेरी नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक रेल्वे स्टेशनजवळून चाललेत. स्टेशनजवळच्या मोठ्या कुंड्यांत फुलं लावलेली असतात, तशी तिथंही होती. आणि तेरी जागच्या जागी थांबले. कुंडीत पेटुनिया. पेटुनियाचा रंग केशरी!

हजारो माणसं रोज त्या कुंड्यांवरून जात होती. त्यातल्या एकालाही यात काही वावगं दिसलं नाही. दिसणार कसं? फूल सुंदर होतं. पण या गृहस्थांना तीस वर्षांपूर्वीचं ते कोलोनचं संशोधन पाठ होतं. पेटुनिया केशरी असूच शकत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी एक फांदी तोडून घेतली आणि प्रयोगशाळेत नेऊन तपासली. आत मक्याचं जनुक!

आता तुम्ही काय केलं असतं? मी तर दुसऱ्या दिवशी गावभर केलं असतं. तेरींनी बराच काळ हे मोठ्यानं बोललंच नाही. मग आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या कानावर घातलं. तो विद्यार्थी आता सरकारी नियामक होता. झालं, चक्रं फिरली. एप्रिल 2017 मध्ये फिनलंडच्या अन्नसुरक्षा खात्यानं हे पेटुनिया बाजारातून काढायला सांगितलं. मे महिन्यात अमेरिकेच्या कृषिखात्यानं तपासण्या केल्या, तर तिथंही तेच. वाणांची यादी वाढतच गेली. नुसते केशरी नव्हेत, काही लाल वाणांतही ते जनुक सापडलं. आणि यादीत ‘आफ्रिकन सनसेट’ नावाचा एक वाण होता. त्याला 2014 साली बक्षीस मिळालं होतं. कसलं? तेच ते, ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचं!

अहो, परीक्षकांनी केशरी पेटुनिया बघितला, वा वा म्हटलं, बक्षीस दिलं, आणि हा रंग आला कुठून, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. म्हणून मघाशी परीक्षकांबद्दल बोलले.

ऐन मे महिन्यात, म्हणजे तिकडच्या ऐन हंगामात, रोपवाटिकांना ही रोपं नष्ट करावी लागली. जाळा, पुरा, कंपोस्ट करा, कचरा डेपोत टाका, असे पर्याय सरकारनं दिले होते. माणसाला किंवा पर्यावरणाला यांचा धोका नाही, हेही तेच सरकार सांगत होतं. फक्त परवानगी नव्हती. आणि ज्यांच्या घरच्या कुंडीत ती आधीच फुलली होती त्यांनी काही करू नका, असंही सांगितलं. कायदा पाळायलाच हवा, हे मला मान्य आहे. आपल्याकडे विनापरवाना तणनाशक-सहनशील कापसाचं बियाणं रात्रीत गावोगाव पोचतं, त्यावर मी बोलायला लागले तर ही वेळ पुरायची नाही. पण फुललेल्या रोपांचे ट्रेच्या ट्रे खड्ड्यात ओतायचे म्हणजे माळ्याच्या जिवावर येतं हो.

इतक्या कंपन्यांत ते जनुक पोचलं कसं? तर पैदासकारांच्या जगात एकमेकांचे बाजारातले वाण घेऊन पुढे संकर करायची रीत आहे. रंग आवडला, घेतला, जोडला. तुम्ही-आम्ही कुंडीत करणार तेच. एकदा ते जनुक त्या गोतावळ्यात शिरलं, की पुढच्यानं काही न कळता ते पुढे नेलं. शेवटी एका जर्मन पैदासकारानं अमेरिकेत रीतसर अर्ज केला, आणि जानेवारी 2021 मध्ये तिथल्या कृषिखात्यानं या केशरी पेटुनियावरची बंधनं उठवली. आता तिथं तो उजळ माथ्यानं विकता येतो.

बरं, आपल्या गच्चीवर या. केशरीचा नाद सोडा. दुहेरी, भरगच्च फुलाचा पेटुनिया आवडत असेल तर तो नेहमी बाप म्हणून वापरा. त्याच्या फुलात स्त्रीकेसर धड नसतो, पराग मात्र असतो. एकेरी फूल आई, दुहेरी फूल बाप. दुहेरीपणाचा गुण वरचढ आहे, त्यामुळे पहिल्याच पिढीत निदान काही रोपं तरी दुहेरी निघतात. जपानच्या साकाता कंपनीनं यावरच 1930च्या दशकात नाव काढलं. त्यांच्या बियाण्यातली सगळीच्या सगळी रोपं दुहेरी निघायची. आणि जपानचं नाव निघालंय तर सांगून टाकते, हल्लीचे ते लोंबणारे, पसरणारे सर्फिनिया आणि पर्पल वेव्ह आहेत ना, ते अनुक्रमे व्हिस्कीवाल्या सनटोरी आणि बिअरवाल्या किरिन कंपनीनं काढलेत. दारूच्या पैशातून इतकं चांगलं काम झालेलं माझ्या तरी पाहण्यात दुसरं नाही.

आपण धरलेलं बी सप्टेंबरअखेर, पावसाचा जोर ओसरला की पेरा. बारीक वाळूत मिसळून ओल्या कोकोपीटवर नुसतं भुरभुरवा. वर माती टाकू नका. पेटुनियाच्या बियाला रुजायला उजेड लागतो. माती टाकू नका. पाणी झारीनंही नको, ट्रे खालून पाण्यात ठेवा, नाहीतर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं.

डिसेंबरात फुलं आली की जीव घट्ट करा. शंभर रोपांतली दोन-तीन ठेवा, बाकीची शेजाऱ्यांना वाटा. कोणती ठेवायची? मी म्हणेन, नुसता रंग बघू नका. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन चढल्यावरही जे रोप फुलत राहतं ते ठेवा. आपल्याला तेच हवंय, कारण मोठ्या कंपन्या वाण काढतात ते थंड हवेच्या गिऱ्हाइकासाठी, भुसावळच्या उन्हासाठी कोणी काढत नाही. ठेवलेल्या रोपाच्या कळ्यांत त्याचाच पराग लावा, धागा बांधा, बी धरा, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पेरा, पुन्हा निवडा. आपल्याकडे पेटुनिया हिवाळ्यातच साधतो, म्हणजे वर्षाला एकच पिढी. सगळी रोपं एकसारखी निघायला पाच-सहा पिढ्या, म्हणजे पाच-सहा वर्षं लागतात. तोवर त्याला वाण म्हणू नका, आणि कृपा करून नातीचं नावही लगेच देऊ नका.

एक राहिलंच, लेबल. आई आधी लिहायची, मग फुली, मग बाप, आणि खाली तारीख. पेनानं लिहू नका, शाई दोन पाण्यांत धुऊन जाते. साध्या शिसपेन्सिलीनं लिहा.

नमस्कार.