मुद्दाम हरतात, पण कोण?

नमस्कार मंडळी. ईगल्सवाले, म्हणजे फिलाडेल्फियाच्या फुटबॉल संघाचे चाहते, किती आहेत इथे? हात वर करा. फिलाडेल्फियाहून पूल ओलांडून आलात, आनंद आहे. जेवणाच्या रांगेत मात्र शेवटी उभे राहा.

विषय पत्रिकेत आहेच: अमेरिकन फुटबॉलच्या लीगचे, एनएफएलचे, संघ वरचा ड्राफ्ट पिक मिळावा म्हणून मुद्दाम हरतात का? ड्राफ्ट म्हणजे नवे खेळाडू निवडण्याची दरवर्षीची फेरी आणि पिक म्हणजे त्यातला निवडीचा नंबर, हे न्यू जर्सीकरांना सांगत बसत नाही. तळाच्या संघानं आधी निवडायचं ही पद्धत १९३६ पासूनची, आणि ती सुचवली बर्ट बेल यांनी. ते मालक कुणाचे? ईगल्सचे. पुढे बोलायलाच नको.

३ जानेवारी २०२१. दुपारी आम्ही न्यूयॉर्क जायंट्सवाल्यांनी डॅलसला हरवलेलं. दहा सामने हरलेला आमचा संघ प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, जाणार होता. फक्त रात्री ईगल्सनी वॉशिंग्टनला हरवायचं होतं. हसू नका, त्या वर्षी आमचं अख्खं डिव्हिजनच, म्हणजे आमचा चार संघांचा गटच, तसलं होतं. ईगल्स १७-१४ असे मागे, म्हणजे सामना अजून जिवंत. आणि चौथ्या क्वार्टरमध्ये प्रशिक्षक डग पीडरसन यांनी चेंडू फेकणाऱ्या, म्हणजे क्वार्टरबॅक, जेलन हर्ट्सला बसवून राखीव नेट सडफेल्डला उतरवलं. कोण सडफेल्ड? आमच्याकडे बायकोनंही विचारलं, आणि ती एरवी फक्त हाफटाइमला बाहेर येते. एक इंटरसेप्शन, म्हणजे फेक थेट समोरच्यांच्या हातात; एक फंबल, म्हणजे चेंडूच हातून सुटला; २०-१४, खेळ खलास. पीडरसन म्हणाले, मी जिंकायचाच प्रयत्न करत होतो. पोरगा चार वर्षं संघात आहे, त्याला संधी मिळायला हवी होती. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच!

या पराभवानं ईगल्सचा नववा पिक सहावा झाला. तो मायामीला देऊन त्यांनी बारावा आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला असे दोन घेतले. मग डॅलसशी सौदा करून दहाव्यावर चढले आणि डिव्हाँटा स्मिथला उचललं. अकरावा पिक कुणाचा होता? आमचा!

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे व्याख्यान आता सुरू करतो.

खेळाडू मुद्दाम हरत नाहीत. हरून आणलेला नवा पोरगा उद्या त्यांचीच जागा घेणार, कशाला हरतील? प्रशिक्षकांचंही तेच. पीडरसन आठ दिवसांतच घरी गेले. हरणं ठरतं ते वरच्या मजल्यावर, कुणाला विकायचं आणि कुणाला ठेवायचं तिथे. मायामीचे माजी प्रशिक्षक ब्रायन फ्लोरेस यांनी २०२२ च्या कोर्टातल्या दाव्यात म्हटलं की २०१९ मध्ये मायामीचे मालक स्टीफन रॉस यांनी दर पराभवामागे एक लाख डॉलर देऊ केले. रॉस यांनी ते नाकारलं. लीगच्या चौकशीत संघ मुद्दाम हरल्याचं आढळलं नाही. पण विजयांपेक्षा ड्राफ्टमधल्या जागेला महत्त्व द्यावं, असं रॉस बोलल्याचं मात्र नोंदलं गेलं. बोलणं आणि हरणं यांच्यामध्ये प्रशिक्षक उभा असतो, एवढंच.

उपाय? बास्केटबॉलच्या एनबीएसारखी लॉटरी, म्हणजे वरचे पिक सोडतीनं ठरवायचे; तिथे ती १९८५ पासून आहे. त्यावर बरंच बोलायचं होतं, राहू दे.

शेवटचं. जानेवारी २०२३ मध्ये ह्यूस्टनचे प्रशिक्षक लव्ही स्मिथ शेवटच्या मिनिटात इंडियानापोलिसला ३२-३१ नं हरवून बसले. पहिला पिक गेला, त्याच रात्री नोकरीही गेली. ह्यूस्टननं दुसऱ्या पिकवर सी. जे. स्ट्राउड घेतला, तो लगेच चमकला. पहिला पिक गेला शिकागोला, आणि शिकागोकडून तो घेतला कॅरोलायनानं. पुढच्या सीझनला ते सतरापैकी पंधरा सामने हरले. त्यातून पुन्हा पहिला पिक आला, पण तो त्यांनी त्या सौद्यातच शिकागोला देऊन टाकला होता.