नऊ पौंड आणि तीन पत्रं

(दृश्य: ब्रिटन, लेस्टरमधलं घर. जेवणाचं टेबल. टेबलावर तीन पाकिटं, प्लास्टिकची खिडकी असलेली.)

ही बँकेची पाकिटं, २००७ सालची. त्यातली पहिली दोन मला ईस्टरच्या सुट्टीत सापडली. माझी मुलगी तेव्हा शेफील्डला दुसऱ्या वर्षाला होती. सुट्टीला घरी येताना धुण्याच्या कपड्यांची मोठी बॅग घेऊन यायची. एका टी-शर्टच्या घडीत ही पाकिटं निघाली. फोडलेली, वाचलेली, आणि पुन्हा नीट घडी करून ठेवलेली.

मी विचारलं, "अगं, हे काय?" ती म्हणाली, "काही नाही गं आई, मी भरते ते." आणि माझ्या हातातून ती काढून घ्यायला लागली. तिला लाज वाटत होती. वीस वर्षांच्या मुलीचा तो उतरलेला चेहरा मी विसरलेले नाही. म्हणून ती चूक केवढी होती, ते आधी सांगते.

(दृश्य: बँकेचं जुनं स्टेटमेंट. बोट एका ओळीवर थांबतं.)

तिच्या विद्यार्थी खात्याचं लिमिट होतं १,२५० पौंड. म्हणजे खातं शून्याच्या खाली १,२५० पौंडांपर्यंत गेलं तरी चालेल, आणि त्यावर व्याज नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ती उणे १,२३६ वर होती. त्या दिवशी मोबाइलच्या बिलाचं डायरेक्ट डेबिट गेलं, म्हणजे कंपनीनं ठरल्या तारखेला खात्यातून आपोआप पैसे घेतले, २३ पौंड. खातं आलं उणे १,२५९ वर. लिमिटच्या पलीकडे नऊ पौंड.

त्या नऊ पौंडांसाठी दंड ३० पौंड. पहिलं पत्र ते सांगणारं.

आता पुढचं नीट ऐका, कारण खरी गोष्ट इथेच आहे. दंड लगेच कापला गेला नाही, मार्चच्या सुरुवातीला कापला. तोवर तिनं कॅफेतल्या कामाचे पैसे भरून खातं लिमिटच्या आत आणलं होतं, उणे १,२४० वर. त्यातून ३० गेले. उणे १,२७०. लिमिट पुन्हा ओलांडलं. या वेळी तिनं एक पेनीसुद्धा खर्च केलेली नव्हती. लिमिट ओलांडलं ते बँकेच्या दंडानं, आणि त्याबद्दल बँकेनं आणखी ३० लावले. एप्रिलमध्ये पुन्हा तेच. तिसरं पत्र ती शेफील्डला परत गेल्यावर आलं, आणि तिसरे ३० पौंड मे महिन्यात तिच्या विद्यार्थी कर्जाच्या हप्त्यातून गेले. नऊ पौंडांचे नव्वद झाले. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

भारतात रिझर्व्ह बँकेनं पुढे एक नियम केला, १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेला. बचत खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावताना, केवळ त्या दंडामुळे खातं उण्यात जाता कामा नये. वाचायला एवढंसं वाक्य आहे. तसं एक वाक्य २००७ साली इथे असतं, तर या टेबलावर एकच पाकीट असतं.

(दृश्य: विद्यापीठाचा रस्ता. सामान ओढत नेणारी मुलं.)

खातं असं शून्याच्या खाली नेण्याची सोय म्हणजे ओव्हरड्राफ्ट. आपल्याकडे हा शब्द व्यापाऱ्यांचा. "बँकेत ओडी आहे आमची," असं दुकानदार म्हणतो. नोकरदार घरात बचत खातं शून्याशी थांबतं, पुढे जातच नाही. ब्रिटनमध्ये मात्र अठराव्या वर्षी, विद्यापीठाच्या पहिल्याच आठवड्यात, मुलांच्या हाती उण्यात जायची परवानगी ठेवली जाते. पहिल्या वर्षी लिमिट कमी, तिसऱ्या वर्षापर्यंत काही बँकांत ते ३,००० पौंडांवरही जातं. बँक हे का करते? आजचा विद्यार्थी उद्याचा पगारदार असतो, आणि माणसं सहसा बँक बदलत नाहीत.

मला त्या बिनव्याजी पैशाबद्दल तक्रार नाही. त्याच्या आधारावर हजारो मुलं शिकली. माझीही शिकली. विद्यार्थी कर्ज वर्षातून तीनदा येतं, सत्र सुरू होताना. घरभाडं, बिलं, बसचा पास हे सगळं मात्र आपापल्या तारखेला येतं. कर्जाचा हप्ता आठवडाभर लांबला की मधला खड्डा ओव्हरड्राफ्टनंच भरायचा. त्यामुळे सत्राच्या शेवटी निम्मी मुलं लिमिटच्या काठावर उभी असल्यासारखी असायची. काठावर उभ्या असलेल्याला पडायला नऊ पौंड पुरतात.

(दृश्य: जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं.)

ही एका घराची गोष्ट नव्हती, हे आम्हाला त्याच वर्षी कळलं. एप्रिल २००६ मध्ये ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग, म्हणजे तेव्हाची ग्राहकहिताची सरकारी यंत्रणा, तिनं क्रेडिट कार्डांबद्दल सांगितलं होतं की १२ पौंडांहून जास्त दंड अन्याय्य मानला जाईल. मग लोक विचारू लागले, कार्डाला १२ तर खात्याला ३० का? संगणकानं आपोआप छापलेल्या पत्राला असा किती खर्च येतो? लोकांनी बँकांना पत्रं लिहिली, छोट्या दाव्यांच्या कोर्टात गेले, आणि बँका कित्येकदा सुनावणीआधीच पैसे परत करून मोकळ्या झाल्या. याच यंत्रणेनं नंतर आकडा काढला: खात्यात पैसे कमी पडल्याच्या दंडातून बँकांना २००६ या एका वर्षात २६० कोटी पौंड मिळाले होते. चालू खात्यांच्या एकूण उत्पन्नातला जवळजवळ तिसरा हिस्सा.

२००७ च्याच उन्हाळ्यात एचएसबीसी बँकेनं नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलांच्या ओव्हरड्राफ्टवर ९.९ टक्के व्याज लावायचं ठरवलं. विद्यार्थ्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, फेसबुकवर हजारो मुलं जमली, आणि ऑगस्ट संपायच्या आत बँकेनं निर्णय मागे घेतला. संघटनेकडून तेव्हा बोलणारे वेस स्ट्रीटिंग पुढे खासदार आणि मंत्री झाले. त्या दिवसांत आमच्या मुलीचा आवाज फोनवर बदललेला होता. आपण एकट्याच वेंधळ्या नाही, एवढं तिला कळलं होतं.

आम्ही दोघींनी बसून बँकेला पत्र लिहिलं. याच टेबलावर. तीन दंड, तीन तारखा, प्रत्येकाच्या आदल्या दिवशीची शिल्लक. उत्तर आलं, तुमची तक्रार थांबवून ठेवली आहे.

कारण खरं होतं. जुलै २००७ मध्ये ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग आणि आठ संस्था, सात बँका आणि एक बिल्डिंग सोसायटी (सभासदांच्या मालकीची, बँकेसारखीच संस्था), एकमतानं हा प्रश्न हायकोर्टात घेऊन गेल्या. निकाल लागेपर्यंत सगळ्या तक्रारी थांबवायची बँकांना मुभा मिळाली. एप्रिल २००८ मध्ये हायकोर्टानं सांगितलं, या शुल्काचा रास्तपणा तपासता येईल. फेब्रुवारी २००९ मध्ये अपील कोर्टानंही तेच सांगितलं. आम्हाला वाटलं, जिंकलो.

(दृश्य: लंडन, पार्लमेंट स्क्वेअर. सर्वोच्च न्यायालयाची इमारत.)

ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय तेव्हा नवंकोरं होतं, ऑक्टोबर २००९ मध्ये सुरू झालेलं. २५ नोव्हेंबरला पाच न्यायाधीशांनी निकाल दिला, बँकांच्या बाजूनं. दंड रास्त आहे का, हा प्रश्नच त्या कोर्टापुढे नव्हता. प्रश्न होता, तो तपासायचा अधिकार त्या यंत्रणेला आहे का. कोर्ट म्हणालं, हे शुल्क म्हणजे चालू खात्याच्या एकूण सेवेच्या किमतीचाच भाग आहे, आणि दिलेल्या सेवेच्या मानाने किंमत जास्त आहे की कमी, हे करारातल्या अन्याय्य अटींबद्दलच्या नियमांखाली तपासता येत नाही.

मी त्या 'किंमत' शब्दाशी बराच काळ अडले. मग हळूहळू उमगलं. इथलं चालू खातं फुकट असतं म्हणतात. चेकबुक फुकट, कार्ड फुकट. ज्याच्या खात्यात पैसे असतात त्याला फुकट. मग खर्च कुणाकडून निघतो? ज्याच्या खात्यात नसतात त्याच्याकडून. माझ्या खात्यात नेहमी शिल्लक असायची. माझ्या फुकट खात्याची किंमत माझ्याच मुलीसारखी कुणी तरी भरत होती. हे मला त्या नव्वद पौंडांहून जास्त बोचतं, आजही.

पुढे २०१६ सालचे आकडे आले. मंजूर लिमिटबाहेरच्या ओव्हरड्राफ्टच्या शुल्कातली निम्म्याहून जास्त रक्कम फक्त १.५ टक्के ग्राहकांकडून आली होती. फेब्रुवारी २०१८ पासून लिमिट ओलांडण्याआधी ग्राहकाला मेसेज पाठवणं बँकांना बंधनकारक झालं. आणि ६ एप्रिल २०२० पासून फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीनं, म्हणजे बँकांच्या ग्राहकांशी वागण्यावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेनं, ठोक दंड बंदच केला. आता फक्त व्याज, आणि लिमिटच्या पलीकडचा दर आतल्या दरापेक्षा जास्त लावता येत नाही.

बऱ्याच मोठ्या बँकांनी तो दर ३९.९ टक्क्यांच्या आसपास ठेवला. दर मोठा आहे. तरीही त्या दरानं नऊ पौंडांचं महिन्याचं व्याज होतं साधारण २६ पेन्स. तीस पौंडांच्या जागी २६ पेन्स.

म्हणून आता भीती वेगळ्या जागी आहे. पदवीनंतर बिनव्याजी लिमिट दरवर्षी उतरत जातं आणि दोन-तीन वर्षांत खातं साधं होतं. तेव्हा १,५०० पौंड उणे राहिले, तर वर्षाला सुमारे ६०० पौंड व्याज. पहिली नोकरी लागली की आधी हा खड्डा बुजवा, हे मी भेटेल त्या मुलाला सांगते.

(दृश्य: स्टेशनवर सामानासह उभा असलेला मुलगा.)

पुण्याहून, नाशिकहून एमएस्सीला येणाऱ्या मुलांना हे बिनव्याजी लिमिट सहसा मिळतच नाही, कारण त्यासाठी काही वर्षं ब्रिटनमध्ये राहिलेलं असावं लागतं. त्यांचं कार्ड शून्याशीच थांबतं. पण डायरेक्ट डेबिट परत गेलं तर बिल तसंच राहतं, आणि बिलवाल्या कंपनीचा दंड वेगळा. पैसे कमी पडणार असं दिसलं की तारखेच्या आधी त्या कंपनीला फोन करा, विद्यापीठातल्या मनी ॲडव्हाइसच्या, म्हणजे पैशांबद्दल सल्ला देणाऱ्यांच्या, खोलीत जाऊन बसा. आणि घरी सांगा. टी-शर्टच्या घडीत ठेवू नका.

(दृश्य: पुन्हा टेबल. तीन पाकिटांशेजारी चौथं.)

हे चौथं पत्र जानेवारी २०१० चं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार आपली तक्रार फेटाळण्यात येत आहे, एवढंच त्यात आहे. तोवर माझी मुलगी नोकरीला लागली होती. तिनं ते वाचलं, याच तिघांबरोबर ठेवलं, आणि म्हणाली, "आई, हे टाकू नकोस हं."