जिऱ्याचा पहिला घोट

[दृश्य: नागपूरजवळचं एक संगोपन तळं, आषाढातली सकाळ. पाण्यावर तरंगणारी फुगीर पिशवी.]

निवेदन:
पाऊस लागला की नागपूरच्या आसपास तळ्यातळ्यांवर मत्स्यजिरं येऊ लागतं. ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत हजारो पिल्लं, रोहूची, कटल्याची. दिसायला जिऱ्याएवढी, म्हणून जिरं.

[दृश्य: पांढऱ्या वाटीतलं जिरं, भिंगाखाली.]

दोन काळे डोळे, बाकी अंग काचेसारखं. अंड्यातून बाहेर पडून तीन दिवस झालेत. पोटाखालचा बलक संपत आलाय, तोंड नुकतंच उघडलंय. आता पाण्यासोबत जिवाणू आत जाणार.

जाऊच दिले नाहीत तर? अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात झेब्रा माशाची पिल्लं तशी वाढवली गेली. हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. पिल्लं जगली, पण आतडं कच्चं राहिलं. बुळबुळीत स्राव करणाऱ्या पेशी कमी, अन्न भराभर पुढे सरकायचं. आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, आतड्याच्या अस्तरावर दिसेचना.

या विकरापाशी जरा थांबू या. काही जिवाणूंच्या आवरणात एक रेणू असतो, लायपोपॉलिसॅकराइड. तो जास्त झाला की आतड्याला सूज येते. पण जिवंत जिवाणू न देता नुसता हा रेणू पाण्यात सोडला, तरी पिल्लांत विकर तयार झालं. हे २००६ मधलं काम. पुढच्याच वर्षी कळलं, की तेच विकर या रेणूवरचा फॉस्फेट काढून त्याचं विष उतरवतं. इवल्याशा आतड्याची ही समज पाहून मी तरी थक्क होतो. कारण झेब्रा माशात प्रतिपिंडं बनवणारी यंत्रणा उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर सारी भिस्त जन्मजात प्रतिकारशक्तीवरच.

म्हणूनच पिल्लांच्या टाकीत उठसूट प्रतिजैविकं ओतणं मला पटत नाही. जिवाणू मारून पाणी रिकामं केलं, की तिथे आधी माजतात ते झपाट्यानं वाढणारे, संधिसाधू जिवाणू. नॉर्वेतले संशोधक समुद्री माशांच्या पिल्लांसाठी पाणी आधी मुरू देतात. संथ वाढणारे जिवाणू त्यात नीट बसले, की मगच ते पाणी टाकीत सोडतात.

[दृश्य: पिशवीचं तोंड सोडलं जातं.]

पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगलीय. तळ्यावरचे काका ओंजळभर तळ्याचं पाणी आत घेतात, थांबतात, पुन्हा घेतात. मग पिशवी हळूच कलती करतात. जिरं आपणहून बाहेर पडतं, गढूळ पाण्यात दिसेनासं होतं.