निळ्या ठिपक्यांचा अर्थ

सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर दिसणारा, प्रत्यारोपित हृदयाचा हा गुलाबी तुकडा प्रत्यक्षात जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा आहे. मानेतील शिरेतून बारीक नळी हृदयाच्या उजव्या जवनिकेत, म्हणजे उजव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात, उतरवून, तिच्या टोकाशी असलेल्या इवल्याशा चिमट्याने तो खुडून आणलेला आहे. हे हृदय काही आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कुणाच्या तरी छातीत धडधडत होते. गुलाबी दिसतात त्या हृदयस्नायूच्या पेशी, आणि त्यांच्या फटींमध्ये शिरलेले गडद निळे ठिपके म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या लिम्फोसाइट पेशींची, म्हणजे परक्या गोष्टींवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींची, केंद्रके.

प्रत्यारोपण करताना हृदयाकडे जाणारे मज्जातंतू तुटतात. त्यामुळे शरीर नवे हृदय नाकारू लागले, तरी रुग्णाला सुरुवातीला कित्येकदा काहीच जाणवत नाही. हा धोका वेळीच ओळखता यावा, यासाठी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे शल्यविशारद फिलिप केव्ह्ज यांनी बायोप्सीची, म्हणजे तुकडा काढून तपासण्याची, ही पद्धत रुजवली.

अंदाज चुकला तर काय होते, हे त्याआधीच दिसले होते. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसावर पहिले हृदयप्रत्यारोपण केले. पुढे रुग्णाच्या फुप्फुसांवर डाग दिसू लागले. शरीर हृदय नाकारत असावे, असे समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वाढवण्यात आली. प्रत्यक्षात तो न्यूमोनिया होता. १८ दिवसांनी रुग्ण दगावला.

आता पुन्हा या काचपट्टीकडे वळू. निळे ठिपके दिसले म्हणजे हृदय नाकारले गेले, असे म्हणता येत नाही. लिम्फोसाइट नुसत्या रक्तवाहिनीभोवती जमल्या आहेत, की स्नायुपेशींना वेढून त्यांची पडझड करत आहेत, हे पॅथॉलॉजिस्टला ठरवावे लागते. २००४च्या सुधारित आंतरराष्ट्रीय प्रतवारीनुसार अशी हानी फार तर एका जागी आढळली, तर तो सौम्य नकार ठरतो. दोन किंवा अधिक जागी आढळली, तर मध्यम. आणि सर्वदूर पसरली, तर तीव्र. प्रतिपिंडांमुळे होणारा नकार याहून निराळा असतो आणि तो केशवाहिन्यांमध्ये शोधावा लागतो.

मात्र या रंगांत एक गोष्ट मुळीच दिसत नाही, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तीच आहे. टी पेशी हा लिम्फोसाइटचाच एक प्रकार; त्यांतली हल्ला करणारी टी पेशी आणि हल्ला आवरणारी टी पेशी या दोघीही इथे सारख्याच निळ्या दिसतात. या दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे नियामक टी पेशींची ओळख शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये पटवून दिली; त्यांच्या घडणीमागे फॉक्सपी-३ हे जनुक आहे, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले, आणि या संशोधनाला २०२५चे नोबेल पारितोषिक मिळाले. फॉक्सपी-३ दाखवणारी खास रंगक्रिया केली, तर या पेशी वेगळ्या ओळखता येतात. तरीही त्या दिसल्या म्हणून निर्धास्त होता येत नाही, कारण जिथे दाह पेटतो तिथेच तो शमवण्यासाठी त्याही धाव घेतात.

औषधांची अडचणही इथेच आहे. नकार टाळण्यासाठी दिली जाणारी सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही औषधे टी पेशींमधील इंटरल्यूकिन-२ या, पेशींची वाढ घडवणाऱ्या, रसायनाची निर्मिती रोखतात. हल्लेखोर पेशींची वाढ त्यामुळे थांबते; परंतु नियामक पेशी स्वतः हे रसायन जवळजवळ बनवत नाहीत आणि इतरांनी बनवलेल्यावरच तग धरतात, म्हणून त्यांचीही उपासमार होते. आज हजारो माणसे या औषधांमुळेच जगत आहेत, याची पूर्ण जाणीव ठेवूनही ही उणीव मान्य करावीच लागते.

तान्ह्या बाळांच्या हृदयशस्त्रक्रियेत छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी वाटेत येते, म्हणून ती बहुधा काढून टाकली जाते. टी पेशी घडतात त्या याच ग्रंथीत. माद्रिदमधील संशोधकांनी हृदयप्रत्यारोपण झालेल्या एका बाळाची अशी ग्रंथी टाकून न देता तिच्यातून नियामक पेशी मिळवल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्याच बाळाच्या रक्तात परत सोडल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, दोन वर्षांच्या पाहणीत त्या बाळाच्या शरीराने हृदय नाकारले नव्हते. हे एकाच बाळाचे निरीक्षण आहे, आणि त्याला नेहमीची औषधेही दिली जात होती.